डब्याखालचा दोरा

गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर सहादू डबे सोडून शिवडा मासा धरायचा. तेलाचे रिकामे प्लास्टिकचे डबे, झाकणं घट्ट लावलेली. प्रत्येकाच्या कानाला दोन वाव, म्हणजे बाराएक फूट दोरी, दोरीला शिशाचा तुकडा नि गळ. गळाला कोंबडीचं आतडं. सकाळी डबे सोडायचे, काठावर बसायचं. डबा डुचमळला की होडी हाणायची.

पंधरा वर्षं जोडीला काळू होता. धरणातल्या मासेमारीचा ठेकेदार बदलला आणि नव्याला एकच माणूस हवा होता. "काळू सुरुंग लावून मासे मारतो," एवढंच सहादू त्याला म्हणाला. धडधडीत खोटं. काळूचं काम गेलं. एकोणऐंशीच्या चैत्रात तो काविळीनं मेला. सहादू मयतीला गेला नाही.

पुढच्या आठवड्यात दुपारी एक डबा वर घेतला, तर गळाला ताजं आतडं. त्याला पांढऱ्या दोऱ्याचे तीन वेढे. असे वेढे काळू द्यायचा; सहादूला तेवढा धीर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळ्याच गळांना वेढे होते. मासे तर कधी नव्हे एवढे लागले. सहादूच्या तोंडाची चव मात्र गेली.

एक मोठा शिवडा घेऊन तो काळूच्या घरी गेला. काळूची बायको कुसाबाई चुलीपुढून उठली नाही.

"वहिनी, कालवण करा."

"न्या माघारी, भाऊजी. शेवटाला शुद्ध नव्हती, तरी त्यांचे हात तुमचेच गळ लावीत होते."

"माझे?"

"म्हनायचे, सहादूचं आमिष लय ढिलं ऱ्हातं."

सहादू मासा तसाच घेऊन परतला.

सकाळी त्यानं बारा डबे सोडले. गळ कोरे. एकालाही आमिष नाही. दिवसभर तो उन्हात बसून राहिला, नजर हलवली नाही. पाण्यावर होडी नव्हती. माणूस नव्हता. वारासुद्धा नव्हता.

चार वाजता तो होडी घेऊन निघाला.

"काळू," तो पाण्याला म्हणाला, "मी खोटं बोललो रे."

पाणी हललं नाही.

पहिल्या गळाला आतडं होतं, तीन वेढे. दुसऱ्यालाही. अकराही गळ तसेच.

बारावा वर आला. दोनच वेढे होते.

दोरा अजून तोडलेला नव्हता. गळापासून तो सरळ पाण्यात गेला होता. सहादूनं हळूच ओढून पाहिला.

खालून कुणीतरी तो ताणून धरला होता.