बोकडाचा होकार

परीक्षितला गादी निवडायला एक अख्खा उन्हाळा लागला होता. तोवर आम्ही इंग्लंडमध्ये, ब्रॅकनेलच्या फ्लॅटमध्ये फुगवायच्या गादीवर झोपत होतो आणि सकाळी माझी पाठ जमिनीला टेकलेली असायची. टोस्टरची तीच कथा, पडद्यांची तीच. ‘हा घेऊ की तो?’ हे वाक्य लग्नापासून इतकं ऐकलंय की कान किटलेत. त्यामुळे नवरा आता रायफल निवडणार म्हटल्यावर मी कपाळाला हात लावला.

याचं मूळ सासूबाईंच्या नवसात. परीक्षित लहानपणी तापानं हाती लागेनासा झाला होता. सासूबाईंनी गावच्या टेकडीवरच्या देवीला सांगितलं, माझं पोर सोड, त्याच्या जागी बोकड देते. पोर वाचलं. सासरे कट्टर विज्ञानवादी, त्यांनी नारळ फोडून विषय मिटवला. सासूबाईंच्या मनातून तो मिटला नाही. सासरे गेल्यापासून दर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर बोकड हजर असायचा.

परीक्षितच्या ऑफिसमधल्या कुणीतरी सांगितलं की स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत रानटी झालेल्या शेळ्या-बोकडांचे कळप आहेत. तिथला शिकारी सोबत नेतो, रायफल त्याचीच वापरायची, आपल्याला लायसन्स लागत नाही.

“आई, इथेच देतो बोकड,” परीक्षित कॉलवर म्हणाला. “One and done.”

सासूबाईंनी ऐकून घेतलं. “आधी अंगावर पाणी शिंपडायचं हं. त्यानं अंग झाडलं तर त्याचा होकार. नाही झाडलं तर तो चालत नाही.”

“आई, स्कॉटलंड आहे ते. पाणी वरूनच पडतं.”

मीही हसले. त्यानंतर आमचं जेवणाचं टेबल बंदुकीच्या गोळ्यांच्या वजनांनी आणि शिकाऱ्यांच्या फोरमवरच्या भांडणांनी भरून गेलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दिवसभर लोकांच्या चुका शोधते. घरी येऊन मला फक्त वरणभात हवा असतो.

ऑक्टोबरात आम्ही न्यूटन स्ट्यूअर्ट गावाच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या एका घराशी पोचलो. शिकाऱ्याचं नाव ॲलस्टर. साठीचा, कमी बोलणारा, ओल्या ट्वीडच्या कोटाचा वास असलेला माणूस. त्यानं टेबलावर तीन रायफली मांडल्या. हलकी टू-फोर-थ्री, मधली सिक्स-फाइव्ह आणि जुनी, जड थ्री-ओ-एट.

“तिन्ही चांगल्या आहेत,” तो इंग्रजीत म्हणाला. “कुठलीही उचल.”

माझ्या नवऱ्याला ‘कुठलीही’ म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला समुद्र दाखवणं. टेबलाभोवती त्याच्या घिरट्या सुरू झाल्या. शेवटी ॲलस्टर तिन्ही घेऊन मागच्या उतारावर गेला. तिथे लाकडी चौकटीवर कागदाचं लक्ष्य ठोकलेलं होतं. चटईवर पालथं पडायचं, एकेक रायफल खांद्याला लावून तिच्यावरच्या दुर्बिणीतून नुसतं बघायचं, गोळी नंतर.

परीक्षितनं हलकी घेतली. बराच वेळ बघून म्हणाला, “मध्ये बोकड उभा आहे.”

ॲलस्टरनं आपली दुर्बीण लावली. काही नव्हतं. मीही पालथी पडून रायफलमधून बघितलं. कागद, त्यावरचा काळा ठिपका, मागे तपकिरी गवत.

“गेला असेल,” मी म्हणाले. “पुढची बघ.”

त्यानं मधली घेतली. “आलाय परत. जवळ आलाय.”

“या बाजूला येत नाहीत ते,” ॲलस्टर म्हणाला. “कळप पलीकडच्या खोऱ्यात आहे.”

मी पुन्हा बघितलं. कागद, ठिपका, गवत. माझी पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि माझा संयम सुटत चालला होता. निवड टाळण्यासाठी हा माणूस काहीही करेल, हे मला पाठ होतं.

“परीक्षित, बहाणे पुरे. एक घे आणि मोकळा हो.”

त्यानं जड रायफल खांद्याला लावली आणि दुर्बिणीची कडी पुन्हापुन्हा फिरवली.

“आता काय?”

“नुसता डोळा दिसतोय. बाहुली आडवी आहे.”

तेव्हा वास आला. माजावर आलेल्या बोकडाचा उग्र, घशात बसणारा दर्प. ॲलस्टरलाही आला. त्यानं वाऱ्याकडे तोंड केलं, मग हळूच वळून आमच्या मागे बघितलं. मागे त्याचं घर होतं आणि आमची गाडी होती.

“काय करतोय तो?” मी विचारलं. विचारायचं नव्हतं.

“काही नाही. बघतोय. I think तोही ठरवतोय.”

झिमझिम सुरू झाली. ॲलस्टरनं डोक्यावरची टोपी काढून झटकली आणि चार थेंब परीक्षितच्या उघड्या मानेवर पडले.

तो शहारला. मानेपासून टाचांपर्यंत, एका लाटेत, सगळं अंग झडझडून.

मग उठला, रायफल चटईवर ठेवली आणि गाडीकडे चालायला लागला. मागे वळून त्यानं एकदाही बघितलं नाही.

ॲलस्टरनं रायफली आत नेऊन कुलपात घातल्या. “मी याला डोंगरावर नेणार नाही.”

“पण का?”

त्यानं किल्ली खिशात टाकली. “या हवेत मला माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. Not with him in front of me.”

परतीच्या वाटेवर सर्व्हिस स्टेशनला मी परीक्षितला विचारलं, चहा की कॉफी. “काहीही,” तो म्हणाला. हा शब्द ऐकायला मी किती वर्षं तरसले होते. खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं.

पण पुढेही तेच. पोळी की भात, काहीही. ही वाट की ती, कुठलीही. वाढलं तर खायचा, बस म्हटलं तर बसायचा. ऑफिसला दांडी मारली तरी कळवायचा नाही. शुक्रवारपर्यंत मला भीती वाटायला लागली होती. मला माझा किटकिट्या नवरा परत हवा होता.

रविवारी दुपारी सासूबाईंचा फोन आला.

“दिला का गं बोकड?”

“नाही आई. जमलं नाही.”

“पण पाणी पडलं? अंग झाडलं का त्यानं?”

मी थकले होते. विषय एकदाचा संपावा, एवढंच डोक्यात होतं. “हो आई, झाडलं. पुरे ना आता.”

तिथे बोकड नव्हताच, हे बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

“मग काळजी नाही,” सासूबाई सुखावून म्हणाल्या. “होकार आला. आता मात्र दुसरा चालत नाही हं चैत्राली. ज्यानं अंग झाडलं, तोच. आणि त्याला ओढून न्यावं लागत नाही. आपल्या पायांनी येतो.”

मी फोन खाली ठेवला.

परीक्षित दारापाशी उभा होता. पायांत बूट होते. कधी घातले, मला कळलं नव्हतं.

“कुठे निघालास?”



मी खुंटीवरची त्याची दोन्ही जॅकेट्स ओढली आणि त्याच्यासमोर धरली.

“हे की ते? सांग ना रे. हे घालतोस की ते?”

त्यानं जॅकेट्सकडे बघितलंही नाही. एक पाऊल पुढे आला आणि हार घालून घ्यावा तशी त्यानं मान माझ्यापुढे खाली केली.