खुंट्या उपटणारं भूत

"आज धरतोच त्या भुताले!" चंपतनं फुशारकी मारली खरी, पण त्याचा आवाज कापत होता.

सत्तावन्न सालची मे महिन्याची सुट्टी होती. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता. रिकाम्या केलेल्या गावातली विहीर बुजवून तिथून पाण्याचा नळ जायचा होता, पण विहिरीभोवतीच्या मोजणीच्या खुंट्या रोज भर दुपारी उपटल्या जात. शिवाय धुऊन ओळीनं मांडलेल्या! मजूर तिकडे फिरकेनात. शेवटी ठेकेदारानं आज लाठीवाले दडवून ठेवले.

मोजणीदार शामरावांची सुहासिनी, तिचा धाकटा भाऊ विद्याधर आणि त्यांचा दोस्त चंपत पडक्या भिंतीआड बसले. कावळासुद्धा ओरडत नव्हता. वारा नसताना एक दार करकरलं. सुहासिनीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"फुटाणे खा, भीती जाते," चंपत कुजबुजला.

पुडीच्या कागदावर हिंदीत काही लिहिलं होतं. सुहासिनी मराठीत अर्थ सांगत वाचू लागली, "ठेकेदारसाहेब, विहीर बुजवू नका. पलीकडची वस्ती हिचंच पाणी पिते. ऐकलं नाहीत, म्हणून उद्यापासून रोज दुपारी मी खुंट्या उपटीन. शिक्षा द्या, भोगीन. रुक्मा."

"भूत सही करते काय?" विद्याधर म्हणाला.

"हा सत्याग्रह आहे!" सुहासिनीला बाईंचा धडा आठवला. "तीस सालच्या जंगल सत्याग्रहात लोक आधी कळवत, मगच गवत कापत. अन् हे लाठ्या घेऊन बसून राहिले!"

इतक्यात त्या दारातून पांढरं लुगडं बाहेर आलं. म्हातारीनं वाकून खुंटी उपटली. लाठीवाले धावले!

सुहासिनी धावत गेली आणि म्हातारीपुढे फतकल मारून बसली. पाठोपाठ दोघंही बसले.

"आधी आमाले मारा!" चंपत ओरडला.

ठेकेदार आणि शामराव धावत आले. "कावून बसल्या इथं, पोरी?" शामरावांनी विचारलं.

"बाबा, हिनं पत्र दिलं होतं! हे बघा!"

ठेकेदारानं कागद वाचून कारकुनाकडे, भय्याजीकडे, पाहिलं. भय्याजीचा चेहरा पडला. "हिंदीतले चिटोरे... मी रद्दीत देल्ले, साहेब."

रुक्मानं दोन्ही मनगटं पुढे केली. "मैं चोर नोहंव. बताके आए हंव."

ठेकेदारानं मान खाली घातली. "नळ वळवा, शामराव. विहीर राहू द्या. या पोरांनी आज माझ्या हातून होणारं पाप टाळलं!"

"शाब्बास!" शामरावांनी तिघांच्या पाठी थोपटल्या.

रुक्मानं मुलांना त्याच विहिरीचं पाणी दिलं. सुहासिनी लोटा हातात धरून अजून लाठ्यांकडेच बघत होती.

"डर्राए रेहे, नोनी?" रुक्मानं लेकीला विचारावं तसं विचारलं.

सुहासिनीनं ओशाळून मान डोलावली.

"तीस के साल म महूँ डर्राए रहेंव," म्हातारी हसली.

म्हणजे जंगल सत्याग्रहात तीसुद्धा भ्यायली होती! सुहासिनी मग घटाघट पाणी प्यायली.