पाठीवरचा केर

इरई नदीकाठच्या त्या खाणवसाहतीत सकाळी सहाला घरं श्वास घ्यायची. एकदम नव्हे, ओळीने. आधी नदीकडचं टोक, मग मधल्या गल्ल्या, मग पाण्याच्या टाकीकडची घरं. खाण बंद पडून बरीच वर्षं झाली होती. चाळीसातल्या छत्तीस घरांत राहणारं कुणी उरलं नव्हतं, पण श्वास मात्र छत्तीसही घरं घ्यायची. खिडकीतून डोकावलं तर आत फरशी अशी लखलखीत, की आत्ता कुणी पाट मांडेल आणि जेवायला हाक मारील.

श्वास न घेणारं घर एकच होतं, ओवी गावतुरेचं.

ओवी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे दोन वेण्यांची पोर उभी राहिली असेल, तर ती पुसून टाका. ही गोष्ट घडली तेव्हा देशभरच्या ओव्यांना नि स्वरांना सुना आल्या होत्या. आपली ओवी बासष्टची होती, गुडघे धरून बसणारी आणि कुणाचं ऐकून न घेणारी.

त्या दुपारी तिच्या स्वयंपाकघरात डॉक्टर नेत्रा खोब्रागडे बसली होती. ही औषधं देणारी डॉक्टर नव्हे, धुळीची. चाळिशीतली, शांत बोलणारी बाई. वसाहतीतला ‘घरश्वास’ तिच्याच प्रयोगशाळेने घडवला होता.

घरश्वास म्हणजे काय ते सांगायला हवं. पूर्वी श्रीमंतांच्या घरी भिंतींतून नळ्या नेलेल्या असत. मागच्या अंगणात एक मोठी टाकी, तिच्यात ओढून घेणारं यंत्र, आणि खोलीखोलीत नळी जोडायला भोकं. घरश्वासात नळी जोडायचीही गरज उरली नाही. फरशीलाच डोळ्यांना न दिसणारी रंध्रं होती, त्यांतून धूळ हळूच खाली जायची. पण नेत्राची खरी करामत पुढची होती. टाकीत जाणारी धूळ ती वाचायची. माणसाच्या अंगावरून दर मिनिटाला कातडीचे हजारो कण झडतात, आणि कुणाचे कोणते ते ओळखता येतं. या वाचनाला ती ‘रजवाचन’ म्हणायची. वसाहतीतल्या लोकांनी घरात कॅमेरे नको म्हणून हट्ट धरला होता, त्यामुळे घरात कोण आहे हे घराला फक्त धुळीवरून कळे. ते दाराबाहेरच्या छोट्या पाटीवर उमटे: ‘घर स्वच्छ. घरात दोन जण.’ ओसाड घरांवर उमटे: ‘घर स्वच्छ. घरात कुणी नाही.’

“चहा घे,” ओवी म्हणाली. “आणि घाई करू नको. सहा वर्षं थांबलं आहे घर, आणखी अर्ध्या तासाने काही होत नाही.”

“काकू, ईशानीताईंचं बाळ परवा येणार न?”

“येणार. लेक घेऊन येते आहे, म्हणून तर तुला बोलावलं. चार महिन्यांचं लेकरू या धुळीत कसं ठेवू?” ओवीने कपाची कड पदराने पुसली. “पण माझा जीव होत नाही ग.”

जीव का होत नव्हता, ते नेत्राला ठाऊक होतं. थोडा वाटा तिचाही होता त्यात.

घरश्वास नवा होता तेव्हा लोकांनी नेत्राच्या प्रयोगशाळेला शिव्या घातल्या होत्या. आपल्याकडे माणूस गावाला निघाला की लगेच केर काढत नाहीत. माणसाच्या पाठीवर केर काढायचा तो फक्त प्रेत उठल्यावर. आणि हे यंत्र असं, की जावई उंबरा ओलांडतो न ओलांडतो तोच फरशी त्याची पावलं गिळायची. सासवा कळवळल्या. मग नेत्राने ‘वाटवेळ’ बसवली. घरचा माणूस ‘येतो’ म्हणून निघाला की घर श्वास रोखून धरायचं, दाराची पाटीही तेवढा वेळ विझायची. तो पोचल्याचं घरच्यांपैकी कुणी मोठ्याने सांगितलं की मगच झाडायचं. कुणी सांगायला विसरलं तरी तीन दिवसांनी आपोआप झाडून मोकळं व्हायचं.

ओवीचा नवरा शर्विल सहा वर्षांपूर्वी निघाला तो भांडून. भांडण कशावरून, ते दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. पण त्या भांडणात ओवी बोलून गेली होती, “तुम्ही नसले तरी या घराचं काही अडत नाही. केरसुद्धा आपोआप निघतो.” शर्विल हसला. फोन टेबलावर ठेवला, चपला घातल्या, “येतो” म्हणाला आणि गेला. ओवीला वाटलं, संध्याकाळी येईल. दुसऱ्या दिवशी वाटलं, आज येईल. तिसऱ्या दिवशी घर झाडायला निघालं तेव्हा तिने प्रयोगशाळेत फोन करून रडून रडून नेत्राकडून ती तीन दिवसांची मर्यादाच काढून घेतली. अडतं, हे तिला दाखवायचं होतं. पुढची खोली, जिथून तो गेला, तिने स्वयंपाकघराच्या बाजूने कडी घालून बंद केली. तेव्हापासून ती मागच्या दाराने ये-जा करी आणि स्वयंपाकघर तेवढं ओल्या फडक्याने पुसून घेई.

“एक करता येईल,” नेत्रा म्हणाली. “झाडताना काकांची धूळ वेगळी काढू. एका बाटलीत राहील, तुमच्याजवळ.”

“माणूस बाटलीत ठेवतात होय?” ओवी म्हणाली. मग कप खाली ठेवून, “केवढी असेल?”

“चिमूटभर.”

ओवी उठली आणि तिने कडी काढली.

पुढच्या खोलीत ऊन तिरपं आलं होतं. सहा वर्षांची धूळ सगळ्यावर मऊ, राखाडी, एकसारखी पसरली होती. खुर्ची, टेबल, फोन, सगळ्यांचे कोपरे गोल झाले होते. ओवी दारातच उभी राहिली. तिला वाटलं, आपण पाण्याखालच्या कुठल्या खोलीत आलो आहोत आणि इथे मोठ्याने बोलायचं नसतं.

नेत्राने भिंतीत दुरुस्तीसाठी ठेवलेल्या भोकाला एक बारीक नळी जोडली. हिचा ओढा इतका हलका होता की धुळीचा एकेक थर पापुद्र्यासारखा निघे. हातातल्या पट्टीवर ती वाचत होती. “हे मागच्या उन्हाळ्याचं. हे त्याच्या आधीचं. ही राख बघा काकू, कोळशाची. गावाबाहेरचं शेवटचं धुराडं तीन वर्षांपूर्वी अक्षयतृतीयेला बंद झालं न? त्यानंतरच्या थरात राख नाही. त्यामुळे कोणता कण कधी पडला ते नेमकं कळतं.”

“आणि ह्यांचे?”

“सगळ्यात खाली असणार.”

खुर्चीपाशी येऊन नेत्रा थांबली. तिने पट्टी झटकली, परत वाचली. नळी दुसरीकडे लावली, परत खुर्चीकडे आली.

“काय ग?”

“काकू, तीन वर्षांपूर्वी वैशाखात तुम्ही कुठे होता?”

“नागपूरला. पित्ताशय काढलं न माझं. बावीस दिवस ईशानीकडे. काहून?”

नेत्राने पट्टी तिच्यापुढे धरली. “काकांचे कण राखेच्या वर आहेत. खालीही आहेत, ते जुने. पण हे वरचे, धुराडं बंद झाल्यानंतरच्या आठवड्यातले. दारापासून खुर्चीपर्यंत. आणि खुर्चीत पुष्कळ. जेवढे आहेत त्यावरून, ते इथे आठ-नऊ तास बसले होते.”

ओवीला आधी आनंदच झाला. हे खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही. आले होते. जिवंत होते. त्यांच्याजवळची जुनी किल्ली अजून चालत होती. तिने भिंतीला हात टेकला आणि हसली. मग ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि बाकीचं हळूहळू कळत गेलं.

ते आले. सबंध वसाहत लखलखीत, आणि आपलंच एक घर तीन वर्षांच्या धुळीखाली. घर तीन दिवसांच्या वर थांबत नाही, एवढंच त्यांना माहीत; म्हणजे श्वास बंद करूनच कुणी निघून गेलं असणार. दाराची पाटी विझलेली. आतल्या दाराला कडी, मागच्या दाराला कुलूप. विचारायला जवळपास शेजारी नाही. ईशानीचं नागपूरचं घरही त्यांच्यामागे झालेलं. फोन खोलीतच, पण कधीचा मेलेला. आणि आपल्या माणसाचा नंबर पाठ असण्याचा काळ केव्हाच सरला होता.

“त्यांना वाटलं, मी घर टाकून गेली,” ओवी म्हणाली. “मी त्यांच्यासाठीच न झाडता ठेवलं, आणि ते बघूनच ते गेले.”

“मर्यादा मी काढली होती,” नेत्रा म्हणाली. “नियमात बसत नव्हतं. तुम्ही रडत होता म्हणून काढली.”

ओवीने काही दोष दिला नाही. ती टेबलाकडे बघत होती. “तिथे लाव नळी.”

वरची तीन वर्षं हळूहळू उठली. खाली, जुन्या राखेत, बोटाने ओढलेली अक्षरं दिसली. लिहिणाऱ्याने शिरोरेघ आधी मारली होती, शर्विलची ती सवय होती.

येतो.

उन्हात कण तरंगत होते. त्यांतले कोणते त्याचे, हे नेत्राला सांगता आलं असतं, पण तिने सांगितलं नाही.

“हे जपून ठेवता येतं,” ती अखेर म्हणाली. “वरून काच बसवू. बाकीची खोली झाडू. नाहीतर… काकू, ते परत ‘येतो’ म्हणाले आहेत. तुमच्या मनात असेल तर घर अजून थांबेल.”

“नको,” ओवी म्हणाली. “वाट बघायचं काम माझं होतं. मी ते घराला सांगितलं, तिथेच चुकली. घराने झाडावं. वाट मी बघीन.”

ती खोलीच्या मधोमध गेली आणि सहा वर्षं जिभेवर न आणलेला शब्द घराला सांगितला.

“पोचले.”

भिंतींत दूरवर काहीतरी उसासलं. खोलीभरची धूळ जागच्या जागी हलली, साय फाटावी तशी फाटली आणि खाली जाऊ लागली. टेबलालाही रंध्रं होती. आधी शिरोरेघ गेली, मग मात्रा, मग अक्षरं. खुर्चीतला माणूस गेला. ओवीने डोळे मिटले नाहीत. बाटलीचं दोघींनाही आठवलं नाही.

ओवीने पुढचं दार उघडून पाहिलं. बाहेरची पाटी सहा वर्षांनी उजळली होती: ‘घर स्वच्छ. घरात कुणी नाही.’

“कुणी नाही?” ओवी म्हणाली. “अन् मी?”

“आत्ताच सगळं झाडलं न. तुमचे कण नव्याने पडून टाकीपर्यंत जायला दहाएक मिनिटं लागतात. मग ओळखेल.”

ओवीने मान हलवली. “ती वाटवेळ काढून टाक. समूळ. कुणासाठीच थांबायचं नाही या घराने.”

नेत्राने काढली. निघताना सवयीने “येते काकू” म्हणाली, आणि उंबऱ्याबाहेर पाय ठेवला तोच मागे फरशीने तिची पावलं ओढून घेतली. तो आवाज ऐकून ती क्षणभर पायरीवर थबकली. मागे वळून न बघता गेली.

ठरल्या दिवशी बाळ आलं. पाटीवर तीन जण उमटले. पंधरा दिवस घर भरल्यासारखं होतं. जाताना ईशानी म्हणाली, “आई, चल न आमच्यासोबत.” ओवी नाही म्हणाली. आपण गेलो की तासाभरात या घरावर काय लिहून येईल, ते तिला माहीत होतं. लेकीला तिने गुडघ्यांचं कारण सांगितलं.

आता ती बाजारातसुद्धा जात नाही, सामान घरपोच मागवते. सकाळी सहाला घर श्वास घेतं, रात्रभराचे तिचे सगळे कण पुसून काढतं, आणि दारावर ‘घरात कुणी नाही’ असं उजळतं. मग ओवी पुढचं दार उघडून पाटीशेजारी उभी राहते. एका हाताने दुसरा दंड चोळत राहते, कण लवकर पडावेत म्हणून. दहा मिनिटांचा प्रश्न असतो. तेवढ्यात कुणी आलं तर.