नाव काढायचं राहिलं

"बाबांचं नाव काढायचंय," म्हणत अक्षयाने पर्समधला जुना फोन टेबलावर ठेवला, आणि समोरच्याने मान वर केली. बंदरावरच्या होडीमालकांच्या संस्थेत एखादा चष्मेवाला कारकून भेटेल असं तिला वाटलं होतं. हा तर पावसाने भिजलेली शर्टाची बाही पिळत बसला होता!

"हरिश्चंद्र..." त्याने पडद्यावर पाहिलं. "पण ते तर समुद्रात आहेत."



"फाल्गुनात गेले ते," ती म्हणाली. "होडी धक्क्याला लागली आणि तिथेच कोसळले. परत आल्याचं कळवायचं कुणाला सुचलं नाही."

त्याचा चेहरा उतरला. "चुकलो मी... माझं नाव सलिल."

वारा वाढला की बाबांच्या त्या फोनवर अजून निरोप यायचा: हरिश्चंद्रदादा, किनाऱ्यावर या. आई दर वेळी दचकायची.

निरोप माणूस पाठवत नव्हता, एआय एजंट पाठवत होता. होडीवाले फोनवर दोन शब्द बोलायचे, की तो आपल्याजवळच्या टूलांपैकी एक उचलायचा. होडी समुद्रात गेल्याची नोंद करणारं एक, किनाऱ्यावर आल्याची करणारं दुसरं, इशारा देणारं तिसरं. कुठलं कधी उचलायचं, हे तो त्या त्या टूलच्या दोन ओळींच्या वर्णनावरून ठरवायचा. या हंगामाला ती वर्णनं सलिलने नव्याने लिहिली होती. ती एजंटला नीट वाट दाखवतात का, ते थोड्या होड्यांवर तपासणं चालू होतं.

"मला बंदरावरची बोली बोलणारं माणूस हवंय," तो म्हणाला. "तपासायला."

"आणि तुम्ही कुठले?"

"पावसचे. आमची कलमं आहेत आंब्याची."

"म्हणजे समुद्र लांबून बघणारे."

"आता... जवळून बघतोय की."

अक्षयाने घाईने नजर वळवली.

दुसऱ्या दिवशीही ती गेली, मग रोजच. नाव काढायलाच! तो विचारायचा, "काढू?" आणि ती म्हणायची, "उद्या—" बाबांना तिथून तरी घालवायला तिचं मन धजत नव्हतं. सलिल हसला की छातीत धस्स व्हायचं. हवंहवंसं वाटणारं माणूस डोळ्यांदेखत कोसळतं, हे तिने पाहिलं होतं.

एका दुपारी आभाळ अंधारून आलं. बाबांचा फोन टेबलावर थरथरला. किनाऱ्यावर या.

"सर्वेशला गेला ना निरोप?" तिचा धाकटा भाऊ सकाळीच होडी घेऊन गेला होता.

"सर्वेश किनाऱ्यावर आहेत," सलिल पडद्याकडे बघत म्हणाला. "सकाळी स्वतःच कळवलंय, होडी काढली म्हणून."

"अहो, काढली म्हणजे समुद्रात नेली! एरवी 'निघालो' म्हणतो, आज नेमकं..."

"पण पावसाळ्याआधी होड्या वाळूवर ओढतात, तेव्हाही काढल्या म्हणतात ना? किनाऱ्याच्या टूलसाठी मी तेच लिहिलं..." त्याचा आवाज खाली गेला. "होडी काढल्यावर हे टूल वापरावे."

सर्वेशचा फोन लागेना. सलिलने वायरलेस तिच्या हातात दिला.

"सर्वेश... ऐकतोस ना?"

नुसती खरखर. बाहेर वाऱ्याने पत्रा वाजला. पुन्हा हाक. पुन्हा खरखर. मग खरखरीतून सर्वेशचा आवाज आला.

"काय गो ताई, वरडतेस कशाला? इथे काय नाय!"

"जाळं राहू दे. आधी फिर!"

"बाबांसारखी बोलायला लागलीस..."

"फिर म्हणते ना!"

"फिरलो, बाई, फिरलो."

होडी दिसेपर्यंत दोघं धक्क्यावर भिजत उभी होती. होडी दिसली तेव्हा अक्षयाच्या लक्षात आलं... आपण केव्हापासून सलिलची बाही मुठीत धरून ठेवलीय.

दुसऱ्या दिवशी सलिलने नवं वर्णन वाचून दाखवलं. "होडी परत येऊन धक्क्याला किंवा वाळूवर लागली असेल तरच वापरावे. नुसतं 'काढली' म्हटलं, तर आधी विचारावे." अक्षया तऱ्हेतऱ्हेने बोलून बघत राहिली. 'काढली' म्हटलं की दर वेळी एजंटने आधी विचारलं.

"मग... हरिश्चंद्रदादांचं नाव?"

तिने जुना फोन उचलला. तो तोंडाशी धरून हळूच म्हणाली, "बाबा धक्क्याला लागले."

पडद्यावर अक्षरं बदलली. हरिश्चंद्र – किनाऱ्यावर.

 तिने डोळे पुसल्यावर सलिल अडखळत म्हणाला, "काल आईजवळ... मी तुमचं नाव काढलं."

"काढलं म्हणजे?"

"म्हणजे... लग्नासाठी."

"आधी विचारायचं असतं ना?"

"विचारतोय." त्याची बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट रुतली होती.

"मला भीती वाटते, सलिल."

"मलाही. कालपासून जास्तच."

बाहेर होड्या धक्क्याला टेकून डुलत होत्या. अक्षयाने त्याच्या बाहीची चुरगळलेली घडी अलगद सरळ केली.

"मग आज घरी गेलात," ती म्हणाली, "की नाव परत काढा."