वरच्या खणातलं कार्ड

सीतारामशेठांचं चष्म्याचं दुकान कसबा पेठेत. धंदा त्यांना कुणी शिकवला नाही, भिंगं घासता घासता आला. पण दुकानाची खरी अक्कल होती लाकडी खणांत. गिऱ्हाइकागणिक एक कार्ड : नाव, फोन, चष्म्याचा नंबर, तपासणीची तारीख. एकदा एका मास्तरांचा चष्मा काशीला गंगेत पडला. तिथून फोन आला, तर शेठांनी बोलता बोलता कार्ड काढून नंबर सांगितला!

कार्डं लिहायच्या त्यांच्या पत्नी, कुसुमताई. शिस्तही त्यांचीच. माणूस गेला की त्याचं कार्ड वरच्या खणातून तळच्या खणात. "नाहीतर वारलेल्यांना तपासणीची आठवण धाडणारं दुकान म्हणून नाव होईल हो आपलं!"

कुसुमताईंना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचं कार्ड वरच होतं. ते खाली ठेवायला शेठांचा हातच धजेना.

यंदा लेकीनं, नीरजानं, वरचा खण कॉम्प्युटरवर चढवला आणि सगळ्यांना मोबाईलवर आठवण धाडली.

"बाबा, त्यात आईलाही गेली. आणि उत्तर आलंय, 'उद्या दोनला येते.' तो फोन नंबर आता दुसऱ्या कुणाचा असेल."

"पुण्यात दोनला दुकान उघडं असतं, असं समजणारी परगावचीच असणार," शेठ म्हणाले. दुकान एक ते चार बंद. पण त्याच बंद वेळात ते कुसुमताईंचे डोळे तपासत असत.

दुसऱ्या दिवशी नीरजा जेवायला घरी गेली. शेठांनी शटर अर्धं ओढलं. आज कार्ड तळाशी ठेवायचंच. त्यांनी ते काढलं, तळचा खण उघडला... आणि दोनच्या ठोक्याला आतल्या तपासणीच्या खोलीत खुर्ची करकरली. अनंताच्या फुलांचा वास आला, कुसुमताईंच्या अंबाड्यातला.

शेठ आत गेले. खुर्चीकडे पाहिलंच नाही. सवयीनं अक्षरांच्या तक्त्यामागचा दिवा लावला.

"वाच."

"ग... प... ट..." अगदी हळू.

"आता शेवटची ओळ."

कानाजवळ कुजबुज आली, "ती नको... तेवढी वाचली की तपासणी संपली, मग कार्ड तळाशी टाकाल..."

शेठांचे डोळे भरून आले. "नाही टाकत गं."

त्यांनी कार्ड होतं तिथेच, वरच्या खणात सरकवलं.

चारला नीरजा आली. आतला दिवा तसाच जळत होता.

"बाबा, हा छापील तक्ता ना? मग शेवटच्या ओळीच्या जागी नुसता कोरा कागद कसा?"