जामीन ठेवलेली सुट्टी

हॉलच्या मधोमध चौथी बॅग आडवी पडली होती आणि तिच्यावर अनुराधा बसली होती, कारण कुणीतरी बसल्याशिवाय ती बॅग मिटायला तयारच नव्हती... दुधाची पावडर, बदाम, अत्तराच्या बाटल्या, वाईच्या अख्ख्या आळीला वर्षभर पुरतील एवढ्या साबणाच्या वड्या, आणि सगळ्यात खाली, कागदात गुंडाळलेली आईच्या पंचाहत्तरीची मोरपंखी साडी. खालच्या मजल्यावरची साजिदा तर शपथेवर सांगायची, की त्या आठवड्यात तिच्या छताचा पंखा दोन बोटं खाली आला होता.

तेवढ्यात सूर्यकांत आला. गुरुवारची अर्धी ड्यूटी करून आलेला, तरी चेहरा दोन ड्यूट्या केल्यासारखा. बूट न काढताच तो बॅगेजवळ उभा राहिला.

"अहो, या इकडे, दाबा जरा. चेन राहिलीय."

"चेन लावू नकोस," तो म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी आपलं जाणं होत नाही."

अनुराधाला आधी वाटलं, थट्टा करतोय. मग तिने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि चेनवरचा हात काढून घेतला.

"पासपोर्ट मिळत नाही. केरू अजून परत आला नाही, आणि त्याचा जामीन मी आहे."

आता ही जामिनाची भानगड सांगायला हवी. आखातातल्या कितीतरी कंपन्यांची तेव्हा रीतच होती, कामावरच्या माणसाचा पासपोर्ट त्यांच्या तिजोरीत. साइटवरचा एखादा कामगार अडीअडचणीला मध्येच गावी निघाला, की तो परत येईल याची हमी म्हणून दुसऱ्या कुणाचा तरी पासपोर्ट अडकवायचे. पहिला परत येईपर्यंत दुसऱ्याने देश सोडायचा नाही. खलास. सूर्यकांत दुबईत अल क्वोजच्या एका बांधकाम कंपनीत स्टोअर सांभाळायचा, आणि केरू तिथलाच, लांज्याकडचा शटरिंगचा सुतार, कामगारांच्या कॅम्पात राहणारा. दर शुक्रवारी तो शारजात रोल्लाला यांच्याकडे जेवायला यायचा आणि पोरांना गप्पा सांगायचा. त्याच्या गावच्या विहिरीत म्हणे वाघ पडला, याने आठ दिवस टोपलीतून भाकऱ्या सोडल्या, आणि वर काढल्यावर वाघाने जन्मात मटणाकडे पाहिलं नाही. पोरं हसून लोळायची. अनुराधाला मात्र वाटायचं, आठवड्याची एक सुट्टी, त्यातही हा माणूस.

"एकवीस दिवसांचं सांगून गेला होता. दोन महिने झाले," ती म्हणाली. "आणि मला विचारलंसुद्धा नाहीत?"

"ठकुबाईचं, त्याच्या बायकोचं, ऑपरेशन होतं अनु. तो मेसमध्ये उभा राहून विचारत होता. सगळे मान खाली घालून जेवत होते. कुणाचाच हात वर जाईना... माझा गेला."

"आणि माझी आई? तीन वर्षं झाली तिला बघून. दहा तारखेला पंचाहत्तर दिव्यांनी तिला ओवाळायचं, हे तिने साऱ्या घाटावर सांगून ठेवलंय. एकुलती एक लेक मी..."

"तुम्ही तिघं जा की. मी थांबतो."

"तुम्हाला तर तिने पाच वर्षांत पाहिलेलं नाही. लोक विचारतील, जावई कुठाय, तर काय सांगू? गहाण ठेवलाय?"

आणि मग जो बांध फुटला तो फुटला. ती बॅगेवर बसून अशी रडली, की बारा वर्षांची वैभवी अभ्यासाचं पुस्तक टाकून धावत आली आणि आठ वर्षांच्या सिद्धांतने टीव्ही आपणहून बंद केला... असं त्या घरात पूर्वी कधी घडलं नव्हतं, पुढेही घडायचं नव्हतं.

रजा मात्र मंजूर झालेली. शाळेलाही सुट्टी. ऑफिसातला राजन म्हणाला, खोरफक्कानला, समुद्रकाठी, माझ्या भावाचा फ्लॅट रिकामा आहे, तो केरळला गेलाय, ही घ्या किल्ली, यल्ला, जा. शनिवारी सूर्यकांतने बायकोपोरांना गाडीत घातलं आणि डोंगरातून दोन तासांचा रस्ता धरला. अनुराधा बसली, पण बोलली नाही. नवऱ्याशी तिचं सगळं बोलणं आता सिद्धांतमार्फत चालायचं.

"सिद्धांत, बाबांना सांग, चहा झालाय."

"बाबा, मम्मी सेज टी इज रेडी." मग जरा थांबून, "शी इज स्टिल अँग्री."

"तिला विचार, साखर घातलीय का."

"मम्मी, साखर?"

"त्यांना म्हणावं, जामीन राहणाऱ्यांना साखर कशाला लागते."

सिद्धांतने ऐकलं, विचार केला आणि बापाला एवढंच सांगितलं, "नो शुगर."

पण खोटं कशाला बोला, त्या फ्लॅटच्या खिडकीतून समुद्र दिसायचा, आणि राग कितीही ताजा असला तरी समुद्रासमोर त्याला टिकवून धरायला फार मेहनत पडते. दुसऱ्या दिवशी दुपारी सूर्यकांत चटईवरच झोपला. अनुराधा त्याच्याकडे बघत राहिली. दिवसाढवळ्या झोपलेला नवरा तिने कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. पहाटे पाचला उठून दुबईच्या ट्रॅफिकमध्ये शिरायचं, रात्री आठला यायचं, सुट्टीत इंडियाला गेलं की सकाळी याच्या घरी, दुपारी त्याच्या घरी, भेटवस्तू वाटत पायाला भिंगरी... हा माणूस झोपला तरी कधी होता? कानशिलावरचे केस कधी पांढरे झाले? तिने हळूच खिडकीचा पडदा ओढला, त्याच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून. आणि ओढल्यावर तिला आठवलं, की आपण रागावलेलो आहोत.

सोमवारी भर दुपारी दारावर थाप पडली.

दारात केरू उभा. खांद्याला पिशवी, अंगात प्रवासाने चुरगळलेला शर्ट, दाढी वाढलेली. सकाळी शारजाच्या एअरपोर्टवर उतरला, तसाच कंपनीत जाऊन हजर झाला, रोल्लाला साजिदाकडून पत्ता घेतला आणि शेअर टॅक्सीत बसून इथं. पाणीसुद्धा न मागता त्याने खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पासपोर्ट काढला आणि अनुराधाच्या हातात दिला.

"वैनी, भाऊंचा पासपोर्ट. मुदीराच्या हातून सोडवून आणला. शुक्रवारचं इमान हाय ना तुमचं? जावा आता खुशाल."

मुदीर म्हणजे त्यांचा मॅनेजर. चार दिवस ज्याला तिने मनातल्या मनात तेलात तळलं होतं, तो हा असा समोर.

"इतका उशीर का केलात हो केरूभाऊ?" तिच्या आवाजात राग आणायचा होता तेवढा आला नाही.

"ठकुबाईची तब्येत... मग समिधाचं लग्न ठरलं, पोरीचं. घाईच केली त्यांनी. पण ते गेलं पुढं."

"पुढे म्हणजे?"

"नवऱ्याला कांजण्या आल्या. अशा आल्या वैनी, की माणूस कुठला आणि कांजणी कुठली कळंना. त्याच्या आईनंच ओळखला नाय त्याला. आता दिवाळीनंतर."

पोरं हसली. सूर्यकांतने त्याला मिठी मारली. अनुराधा चहा टाकायला वळली, आणि वैभवीने सवयीप्रमाणे केरूकाकांच्या पिशवीत हात घातला, कारण गावाहून येताना फणसपोळी आणायचं त्यांनी कबूल केलं होतं. फणसपोळी निघाली. तिच्याबरोबर लालचुटुक पत्रिकांचा गठ्ठाही निघाला.

"व्हॉट्स धिस? चि... सौ... कां... समिधा," वैभवी शारजातल्या मराठीने एकेक अक्षर चाचपत वाचू लागली. "बुधवार, दिनांक बारा एप्रिल. मुहूर्त दुपारी बारा वाजून पस्तीस. काका, धिस इज नेक्स्ट वीक."

केरूने घाईने हात पुढे केला. "ठेव गो पोरी, त्या जुन्या हायत."

चहाचं आधण उकळून गॅसवर सांडलं. अनुराधा परत फिरून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पत्रिका छापून झालेलं लग्न कांजण्यांनी पुढे जात नाही केरूभाऊ. पोरीचं लग्न नऊ दिवसांवर टाकून आलात तुम्ही?"

केरूने पत्रिकांचा गठ्ठा पिशवीत परत ठेवला.

"चुलता करील कन्यादान," तो म्हणाला. "भाऊंनी माझ्यासाठी हात वर केला होता वैनी. तुमच्या आईची पंचाहत्तरी मला ठावं हाय, दर शुक्रवारी ऐकत होतो. माझ्यापायी ती चुकली असती तर मांडवात उभं ऱ्हायला मला तोंड नव्हतं."

अनुराधाच्या डोळ्यांपुढे एकदम आपलंच लग्न उभं राहिलं. बाबा लष्करात, रजा नामंजूर. कन्यादान काकांनी केलं. बाबा आले चौथ्या दिवशी... मांडव उतरवला होता, अंगणात खांबांचे नुसते खड्डे राहिले होते, आणि तो धिप्पाड माणूस ट्रंक खाली न ठेवता त्या खड्ड्यांच्या मधोमध उभा होता. पुढे वीस वर्षं जगले, पण तिच्या लग्नाचा फोटो त्यांनी कधी हातात घेतला नाही.

तिने डोळे पुसले आणि चार दिवसांत पहिल्यांदा थेट नवऱ्याकडे वळली.

"अहो, हा पासपोर्ट उद्या सकाळी परत नेऊन द्या. यांच्या नावावर, पुन्हा जामीन."

"अनु..." सूर्यकांत म्हणाला. "आणि पंचाहत्तरी? नीट विचार कर. मुदीर शिव्या घालील ते मी ऐकेन, पण आई... हा दिवस परत येत नाही."

"पोरीच्या लग्नाचाही येत नाही."

"वैनी, नाय, मी जाणार नाय," केरू पाया पडायला वाकला, तशी ती मागे सरली.

"जाणार कसे नाही? आणि हो, रिकाम्या हातांनी नाही. रोल्लाला चार बॅगा भरून पडल्यात. मोरपंखी साडी तेवढी वाईला कुरियर करा, बाकी सगळं समिधाच्या रुखवतात. फक्त साबण जपून वापरा म्हणावं, तुमचा अख्खा तालुका गोरा होईल."

केरू हसायला गेला आणि हुंदकाच आला... मग सूर्यकांतचाही धीर सुटला, आणि दोन मोठे बाप्ये त्या परक्या फ्लॅटमध्ये उभ्याने रडले. सिद्धांतने न सांगताच टिश्यूचा डबा आणला आणि बहिणीला विचारलं, "आर वी हॅपी ऑर सॅड?" वैभवी म्हणाली, "जस्ट होल्ड द बॉक्स."

संध्याकाळी अनुराधाने बूथवरून वाईला फोन लावला. सगळं एका दमात सांगून टाकलं आणि मग ओठ चावून थांबली. बूथच्या पडद्यावर फोनकार्डाचे आकडे पळत होते.

"आई... रागावलीस?"

"चौथ्या दिवशी तुझे बाबा आले ना," आई सावकाश म्हणाली, "तेव्हा मी त्यांना पाट मांडून वाढलं, तर म्हणाले, पंगत उठून गेलीय, आता कसलं जेवू." जरा वेळाने तिने नाक ओढलं. "बरं केलंस. तू शहात्तरीला ये. तोवर मी मरत नाही, शब्द देते. पण जावयाला बरोबर आण. नाहीतर दारातून परत पाठवीन."

केरू गुरुवारी गेला. ती चौघं खोरफक्कानलाच राहिली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या सुट्टीत कुणाकडे जायचं नव्हतं, कुणाला काही द्यायचं नव्हतं. दहा तारखेला अनुराधाने परातीत पंचाहत्तर मेणबत्त्या लावल्या आणि फोनसमोर ओवाळलं. पलीकडून आई ओरडत होती, दिसत नाही गं, पण उजेड पडला.

बुधवारी अकरा वाजता सूर्यकांतने घड्याळ बघितलं. तिकडे साडेबारा. चौघं चपला काढून वाळूत उभी राहिली, समुद्राकडे तोंड करून, कारण त्या किनाऱ्यावरून समोर भारतच. अनुराधाने बासमतीला हळदकुंकू लावून मुठी वाटल्या. सूर्यकांतने मंगलाष्टक सुरू केलं, इतकं बेसूर, की आंघोळीला आलेला एक पठाण पाण्यातून बाहेर निघाला. पाच मिनिटं गेली.

"सावधान," सूर्यकांत म्हणाला.

चार मुठी उघडल्या. वारा समोरून होता. अक्षता समुद्रात पडल्याच नाहीत, सगळ्या उलट फिरून त्यांच्याच डोक्यांवर आल्या. अनुराधाच्या केसांत पिवळे तांदूळ अडकले, आणि सूर्यकांत हळूहळू, एकेक करून ते वेचू लागला.

"राहू द्यात," ती म्हणाली. "लग्नघरी आहोत."