चाळीस अंशांचा फरक

सायली आणि गोकुळची पहिली गाठ पडली ती बंद पडलेल्या भट्टीपाशी. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतली ही भट्टी ऐन मोक्याला रुसली होती आणि सोमवारी सायलीला प्रबंध द्यायचा होता. दुरुस्तीला आलेला गोकुळ मात्र आधी तिच्या चकत्याच न्याहाळत बसला.

"एवढुशा वड्या कशाच्या हो, मॅडम?"

"सिरॅमिकच्या. यातला एक पदार्थ चुंबकाजवळ ताणला जातो, दुसऱ्याला दाबतो आणि वीज तयार होते. तीही शिसं न वापरता... पण होते फार थोडी."

शिसं म्हणताच त्याचं हसू मावळलं. "माझे वडील, बापू, शहागंजात जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवायचे. बावीस वर्षं. आता चहाचा कप धरता येत नाय त्यांना."

"तुम्ही... चहा घेणार?" घाईत तिच्या तोंडून गेलं आणि तिनं जीभ चावली.

"घेतो की. माझे हात शाबूत हायेत."

दोन दिवस काम निघतच राहिलं.

"एका भट्टीला एवढे फेरे?"

"भट्टीला एकच पुरला असता—" तो म्हणाला आणि घाईघाईनं पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता.

तिसऱ्या दिवशी त्याचा चेहरा उतरलेला होता. "बसा जरा. तापमान मोजायची जुनी तार नवीशी ताडून पाहिली. ती चाळीस अंश जास्त दाखवती. तुमचे बाराशे म्हणजे खरे अकराशे साठ. कधीपासून, सांगता यायचं नाय."

सायलीनं समोरची चकती उचलून पाहिली. म्हणूनच चकत्या कच्च्या राहत होत्या आणि आतल्या पोकळ्यांमुळे ताण पुढं पोचत नव्हता. तिची दोन वर्षं पाण्यात गेली होती. प्रबंधातला प्रत्येक आकडा आता संशयाचा होता.

"कशाला सांगितलंत? कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाय. शिशाच्या धुरानं काय होतं, हे बापूंच्या मालकालाबी ठाऊक होतं. तो गप बसला. मला नाय जमलं. तुम्ही पुन्हा बोलणार नाय, हे धरूनच आलो."

तिला त्याचा भयंकर राग आला. आणि त्या रागातच कळलं, की या माणसावर आपला जीव जडलाय.

सोमवारी तिनं प्रबंध दिला नाही. तिचे मार्गदर्शक सर आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. शिष्यवृत्ती संपली, तशी ती शिकवण्या घेऊ लागली. खऱ्या बाराशे अंशांवर तिनं एकेक चकती नव्यानं भाजली. पाचव्या महिन्यात वीज चौपट भरली, तेव्हा सरांना सांगण्याआधीच तिनं गोकुळचं घर गाठलं.

त्याचे वडील, कडुबा, ओट्यावर बसले होते. तिनं चकती त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ह्याच्यात शिसं नाय?"

"अजिबात नाही, काका."

त्यांनी बोटं मिटायचा प्रयत्न केला. मिटेनात. सायलीनं आपल्या हातानं ती अलगद मिटवली.

गोकुळ दारात उभा होता. "प्रबंधात काय लिहिलं?"

"खरे अंश. आणि तार कुणी तपासली, त्याचं नाव." ती त्याच्याकडे वळली. "गोकुळ, ते नाव मला प्रबंधापुरतं नकोय... जन्मभर हवंय."

तो बापूंशेजारी बसला आणि त्या दोघांच्या हातांवर त्यानं आपला हात ठेवला.